फोटो काढायला मनाई आहे

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. लिहू की नको असं करता करता इतके दिवस गेले. बाबा हा ब्लॉग वाचतात (टॅबवर, अक्षरं मोठी करून), म्हणून त्यांना विचारूनच लिहितेय. "लिही, पण त्या पोराचं नाव घालू नकोस," एवढी एकच अट त्यांनी घातली. स्टेशनचंही नाव घालत नाही. हार्बर लाईनवरचं आपलं एक स्टेशन, एवढं पुरे.

झालं असं, की दादाचा मेलबर्नहून फोन आला. घर आवरताना त्याला एक जुना फोटो सापडला होता, त्याचा फोटो काढून त्याने फॅमिली ग्रुपवर टाकला. १९९३ सालचा. आम्ही दादरच्या एका खोलीतून नवी मुंबईत राहायला आलो, त्या वर्षीचा. वाशीपर्यंत लोकल १९९२ च्या मे महिन्यात आली आणि पुढच्या वर्षी ती नेरूळ-बेलापूरपर्यंत पोचली. त्याआधी बसने खाडीपूल ओलांडून मानखुर्द गाठायचं, मग पुढची लोकल. त्यामुळे लोकल दाराशी येणं म्हणजे काय होतं, ते आज सांगून पटणार नाही. आणि स्टेशन तरी कसलं! दादर-परळच्या गर्दीत वाढलेल्या आम्हाला ती उंच छपरं, ती रुंद आवारं बघून राजवाड्यात आल्यासारखं वाटलं होतं.

तर फोटोत स्टेशनच्या पायऱ्यांवर दादा हाफ पँटमध्ये, मी दोन वेण्यांत, आणि आई एका हाताने वाऱ्यावर उडणारा पदर धरून. मागे मोकळं मैदान आणि एक क्रेन. बाकी काही म्हणजे काही नाही. बाबांच्या याशिका एमएफ-२ ने काढलेला. तेव्हा ३६ फोटोंचा रोल असायचा आणि तो गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचा असायचा, म्हणून प्रत्येक फोटो विचार करून. फोटोच्या मागे बाबांच्या अक्षरात तारीख आणि खाली दोन शब्द: "लोकल आली!"

दादा म्हणाला, "ती जागा आता कशी दिसते गं? बाबांना सांग ना, तिथेच उभं राहून एक फोटो काढून पाठवायला."

आता यात एक अडचण होती. आई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, बाबांनी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. दादाने हौसेने दिलेला निकॉन कपाटात होता. मी कितीदा म्हटलं, पाम बीचला फ्लेमिंगो आलेत, चला. "बघू" म्हणायचे. पण दादाचा निरोप ऐकून काय झालं कोण जाणे, संध्याकाळी बघते तर बॅटरी चार्जिंगला लावलेली!

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही गेलो. बाबांचं वय ७९. डाव्या हातात तो जुना फोटो, गळ्यात कॅमेरा. पायऱ्या मोजतायत, मागे सरकतायत, "तो खांब तेव्हाही होता बघ" म्हणतायत. चार वर्षांत मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. मला म्हणाले, तू तिथे उभी राहा, तेव्हा होतीस तिथेच. मी उभी राहिले. आजूबाजूला रविवारची वर्दळ. दोन मुली मोबाईल कठड्याला टेकवून रील करत होत्या. एक कुटुंब सेल्फी काढत होतं. बाबांनी एक फोटो काढला, दुसरा काढायला कॅमेरा डोळ्याला लावला, आणि शिट्टी वाजली.

"ओ काका! ओ! फोटो नाय काढायचा!"

विशी-बाविशीचा पोरगा. निळा गणवेश, एक नंबर मोठा. स्टेशनच्या डोक्यावर ऑफिसं-दुकानं आहेत ना, त्या इमारतीचा सिक्युरिटीवाला.

"का रे बाबा?"

"मनाई आहे."

"कोणाची?"

"साहेबांची."

"आणि ते?" बाबांनी रीलवाल्या मुलींकडे बोट दाखवलं.

"ते मोबाईल आहे काका. हा मोठा कॅमेरा आहे."

आता बोला! बाबांना तर हसूच आलं. मोबाईलचा कॅमेरा आज काय दर्जाचा असतो, यावर ते त्याला समजावायला लागले. तेवढ्यात वॉकी-टॉकीवाला सुपरवायझर आला आणि हसण्याचं वातावरण संपलं.

"२६/११ नंतर इथे फोटो बंद आहेत मॅडम. वरून ऑर्डर आहे."

मी म्हटलं, "ऑर्डर दाखवता का? किंवा बोर्ड तरी? कुठे लिहिलंय?"

"तुम्हाला पोलिसांत जायचंय का?"

मी म्हणणार होते की चला जाऊ. खरंच म्हणणार होते. पण चौतीस वर्षं बँकेत मान खाली घालून नोकरी केलेल्या माणसासमोर कुणी 'पोलीस' म्हटलं की काय होतं, ते मी त्या दिवशी बघितलं. बाबा म्हणाले, "नको, नको. हे बघा, डिलीट करतो." आणि त्यांनी थरथरत्या बोटाने तो फोटो घालवला.

सुपरवायझरचं तेवढ्याने भागलं नाही. "मागचे पण दाखवा." आणि कॅमेरा हातात घेऊन तो मागे मागे जाऊ लागला. चार वर्षांत त्या कार्डावर एकही नवा फोटो नव्हता. त्यामुळे मागे होती ती आई. बाल्कनीत तुळशीला पाणी घालणारी. खुर्चीत बसून शेंगा सोलणारी. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर, डोक्याला रुमाल बांधलेली. एका अनोळखी माणसाच्या अंगठ्याखाली एकेक फोटो सरकत होता.

"ही कोण?"

"माझी बायको," बाबा म्हणाले.

त्याने कॅमेरा परत दिला. "जा काका, पुन्हा करू नका."

घरी येईपर्यंत बाबा एक अक्षर बोलले नाहीत. कॅमेरा कपाटात गेला. दुपारी जेवताना एवढंच म्हणाले, "मी काय चोर दिसतो का गं?"

*

त्या रात्री मला झोप आली नाही. राग सुपरवायझरचा आला होता, त्या पोराचा कमी, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. मी गप्प का बसले? कारण मला माहीतच नव्हतं की नियम काय आहे! आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? कुणी गणवेशात येऊन 'मनाई' म्हटलं की आपण मान डोलावतो. म्हणून मग पुढचे काही दिवस वाचत बसले. मी वकील नाही, पण जे समजलं ते सांगते. तुमच्याही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे, सार्वजनिक जागेत फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदाच आपल्या देशात नाही. ज्याच्या नावाने घाबरवतात तो १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा, ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट. इंग्रजांच्या काळातला. त्यात 'प्रतिबंधित ठिकाण' अशी एक व्याख्या आहे. लष्कराची, नौदलाची ठिकाणं, दारूगोळ्याचे कारखाने वगैरे त्यात थेट येतात, आणि ते बरोबरच आहे. पण रेल्वे, रस्ता किंवा दुसरी एखादी सरकारी जागा त्यात आपोआप येत नाही. केंद्र सरकारने अधिसूचना काढून ती तशी जाहीर करावी लागते, आणि कारण हे असावं लागतं की तिथली माहिती शत्रूच्या उपयोगी पडेल. आणि पुढचं वाचून तर मी खुर्चीत सरळ बसले: त्या अधिसूचनेची प्रत तिथे लावलेली असायला हवी, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत. स्थानिक भाषा म्हणजे इथे मराठी!

म्हणजे "बोर्ड कुठे आहे?" हा माझा प्रश्न भांडकुदळ बाईचा नव्हता. तो १९२३ पासून कायद्यातच बसलेला आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारलाही वाटलं होतं की मनाई करायची तर लोकांना त्यांच्या भाषेत सांगायला हवं.

आपल्या महाराष्ट्रातलंच एक प्रकरण आहे. वर्ध्याला एकाने २०१८ मध्ये पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून याच कायद्याखाली त्याच्यावर गुन्हा दाखल झाला होता. २०२२ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. कोर्ट म्हणालं, व्याख्येत पोलीस ठाणं येतच नाही. जिथे पोलीस ठाणंसुद्धा येत नाही, तिथे स्टेशनच्या पायऱ्या कुठून येणार?

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर उद्या कुणीतरी माझं नाव सांगून भांडत बसेल. रेल्वेच्या हद्दीत जाहिरात, सिनेमा, मॉडेलचं शूट असं काही करायचं असेल तर जनसंपर्क विभागाची परवानगी लागते, पैसे भरावे लागतात. विमानतळांचे आणि विमानांचे नियम वेगळे आहेत. मॉल किंवा खाजगी इमारत असेल तर मालक म्हणू शकतो की इथे फोटो नको, आणि ऐकलं नाही तर बाहेर जा. तो त्याचा हक्क आहे. पण बाहेर जा म्हणणं वेगळं, आणि कॅमेरा हातातून घेऊन आतले फोटो बघणं वेगळं. खाजगी सुरक्षारक्षक म्हणजे पोलीस नव्हे. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला माझी पर्स उघडून बघायचा जेवढा अधिकार आहे, तेवढाच त्या सुपरवायझरला बाबांचं कार्ड बघायचा होता. म्हणजे शून्य.

आणि गंमत बघा. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे आले. त्यात झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करणं खुद्द पोलिसांनाच बंधनकारक केलंय. का? तर नंतर कुणी खोटं बोलू नये म्हणून. कॅमेरा हा साक्षीदार आहे हे आता कायद्यालाच पटलेलं आहे.

*

पण सुपरवायझरने २६/११ चं नाव घेतलं होतं, आणि ते नाव नुसतं झटकून टाकता येत नाही. त्या रात्री सीएसटीवर माणसं मेली, ती तुमच्या-आमच्यासारखी गाडीची वाट बघत बसलेली माणसं होती. त्यानंतर स्टेशनं राखणाऱ्यांना धास्ती वाटत असेल तर ती खोटी म्हणता येणार नाही.

शिवाय हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी झाली होती आणि ती कॅमेऱ्यानेच झाली होती. डेव्हिड हेडली २००६ ते २००८ या काळात पुन्हा पुन्हा मुंबईत आला, ताज आणि इतर जागांचे व्हिडिओ काढून घेऊन गेला. पण तो कसा वावरत होता? अमेरिकन पासपोर्ट, त्यासाठी मुद्दाम बदलून घेतलेलं नाव, व्हिसाचं काम करणारं एक ऑफिस, वागण्यात सफाई. पकडला गेला तो २००९ मध्ये, शिकागोला. अशा माणसाला शिट्टी मारून थांबवता येत नाही. तो गळ्यात मोठा कॅमेरा अडकवून, हातात तीस वर्षांपूर्वीचा फोटो धरून पायऱ्या मोजत नाही.

आणि त्याच रात्रीची दुसरी गोष्ट. सीएसटीसमोरच्या ऑफिसातून एक माणूस गोळ्यांचा आवाज ऐकून पळत सुटला. स्टेशनपासून लांब नाही, स्टेशनच्या दिशेने. मुंबई मिररचे फोटो एडिटर सबॅस्टियन डिसोझा. हातात पिस्तूल नाही, कॅमेरे. फलाटावर उभ्या असलेल्या गाडीच्या डब्यात लपून त्यांनी फोटो काढले. कसाबचा तो फोटो, एका हातात बंदूक, पाठीला पिशवी, आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आजही आहे. टाइम्स ऑफ इंडियाचे श्रीराम वेर्णेकर हेही तिथेच होते. दोघांचे फोटो आणि साक्षी खटल्यात पुरावा ठरल्या, आणि २०१२ मध्ये फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने त्या दोघांच्या धाडसाची मुद्दाम दखल घेतली.

म्हणजे त्या एकाच प्रकरणात कॅमेरा टेहळणीलाही वापरला गेला आणि गुन्हेगाराला फाशीपर्यंत न्यायलाही. मग २६/११ वरून आपण काय शिकलो? 'कॅमेरा बंद' एवढंच? मला तरी वाटतं की माणसाकडे बघायला शिकायला हवं होतं. कोण काय करतोय, कुठे रेंगाळतोय, कशाचे फोटो काढतोय. विचारा ना त्याला! बाबांना कुणी "काका, कशाचा फोटो?" असं विचारलं असतं तर त्यांनी जुना फोटो दाखवला असता आणि त्या पोराला १९९३ सालची अख्खी कहाणी ऐकवली असती. सुटका झाली नसती बिचाऱ्याची. :)

पण विचारणं अवघड असतं. 'मनाई आहे' सोपं असतं.

*

तुम्ही म्हणाल, एका फोटोवरून केवढं पुराण! खरं आहे. दादाला काय, मोबाईलवरून काढलेला फोटोही चालला असता. पण आपल्या नवी मुंबईत फोटो हा फक्त आठवणीचा विषय नाही, म्हणून लिहितेय.

इथले फ्लेमिंगो घ्या. हे शहर स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवून घेतं, पाम बीच रोडला त्यांचे पुतळे उभे केलेत, भिंतींवर त्यांची चित्रं आहेत. पुतळ्यापाशी सेल्फी काढा, कुणी काही म्हणणार नाही. खरे पक्षी मात्र नेरूळच्या डीपीएस तलावावर, टी. एस. चाणक्यच्या मागच्या पाणथळीवर येतात. आणि त्या पाणथळींचं काय चाललंय हे आपल्याला कळलं कशामुळे? फोटोंमुळे. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात खाडीचं पाणी येण्याची वाट अडली, तलाव सुकला, पक्षी मेले. रोज पहाटे तिथे जाणाऱ्या साध्या लोकांनी, कुणी निवृत्त, कुणी कॉलेजमधली पोरं, तळाला पडलेल्या भेगांचे आणि मेलेल्या पक्ष्यांचे फोटो काढले. ते पेपरात आले, मग सरकारने समिती नेमली, आणि २०२५ मध्ये त्या ३० एकरांच्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला राज्य वन्यजीव मंडळाने मंजुरी दिली. त्या लोकांना कुणी आधीच शिट्टी मारून हाकललं असतं तर? "तलाव होता कुठे?" असं म्हणायला सगळे मोकळे. उरणच्या पाणजे पाणथळीवर पक्षीनिरीक्षकांना रखवालदारांनी अडवल्याच्या बातम्या आपण वाचलेल्याच आहेत.

मनाईचा हा प्रकार मला म्हणूनच नुसता उर्मटपणा वाटत नाही. जिथे फोटो निघत नाही तिथे काय होतं, हे नंतर सिद्ध करता येत नाही.

आणि आमची अडचण अशी, की या शहरात सार्वजनिक जागा कुठे संपते हेच कळेनासं झालंय. सिडकोने १९७० नंतर कागदावर आखून वसवलेलं हे शहर. स्टेशनच्या डोक्यावर ऑफिसं आणि दुकानं ही कल्पना तेव्हा नवी होती, आम्हाला तिचं कौतुकही होतं. पण आता तुम्ही लोकलमधून उतरता, चार पावलं चालता, लादीचा रंग बदलतो आणि मालक बदलतो. तुम्हाला कळतही नाही. कळतं ते शिट्टी वाजल्यावर. तुमचा फोटो मात्र आवारातले पाच-सहा सीसीटीव्ही एव्हाना काढून बसलेले असतात. तुम्हाला विचारलं का कुणी? मला त्या कॅमेऱ्यांबद्दल तक्रार नाही, रात्री उशिरा घरी येणाऱ्या बाईला त्यांचा आधारच वाटतो. पण मग 'फोटो धोकादायक' असं म्हणू नका. ज्याला कुणी सरकारी नोकर किंवा पगारी माणूस बघतो तो फोटो सुरक्षेचा, आणि माझ्या बापाने काढला तो धोक्याचा, हा कुठला न्याय?

मनाई उठवता येते हेही आपण बघितलंय. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांमध्ये पूर्वी कॅमेरा बघितला की रखवालदार धावत यायचे. २०१८ च्या जुलैमध्ये खात्याने सगळ्या केंद्र संरक्षित स्मारकांच्या आवारात फोटोग्राफी खुली केली. अपवाद फक्त तीन: आपली अजिंठा लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालमधली मुख्य कबर. अजिंठ्याला मनाई आहे त्याची नावानिशी यादी आहे, आणि कुणाला ती नको असेल तर त्यावर वादही घालता येतो. मनाई असावी तर अशी. लिहिलेली, कमीत कमी, आणि कुणीतरी सही करून जबाबदारी घेतलेली.

फोटो काढणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवायला हवं. जागेचा फोटो आणि माणसाचा फोटो यात फरक आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानलाय. लोकलमध्ये झोपलेल्या बाईचा, फलाटावर अंघोळ करणाऱ्या पोराचा फोटो 'स्ट्रीट फोटोग्राफी' म्हणून काढणारे हौशी लोक मला अजिबात आवडत नाहीत. बाईचे चोरून खाजगी क्षणांचे फोटो काढणं हा तर गुन्हाच आहे, पूर्वीही होता, नव्या न्याय संहितेतही आहे. ज्याचा फोटो काढायचा त्याने नको म्हटलं तर खरोखर नको. स्टेशनचा खांब मात्र नको म्हणत नाही.

*

पंधरा दिवसांनी मी ऑफिसातून येताना त्याच स्टेशनला मुद्दाम उतरले. तो पोरगा होता. मला बघून आधी बिचकला, मग जवळ आला.

"त्या दिवशी आजोबांना लई वाईट वाटलं का ओ?"

मी काय बोलणार! म्हटलं, हो, वाटलं. मग तो बोलत राहिला. परभणीकडचा. बारा तासांची ड्युटी, उभ्याने. सुपरवायझर वर खोलीत बसून सीसीटीव्हीवर बघतो. कुणी मोठा कॅमेरा काढला आणि याने हटकलं नाही, तर अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. मोबाईलवाल्यांना का सोडता, म्हटलं. "किती जणांना हटकणार ताई? सगळेच काढतात." ऑर्डर त्याने कधी बघितली नव्हती. सुपरवायझरनेही बघितली नसावी. आधीच्या सुपरवायझरने त्याला सांगितलं, त्याला त्याच्या आधीच्याने. कानगोष्टींचा खेळ. शेवटच्या माणसाच्या हातात उरते ती फक्त शिट्टी.

मी निघाले तर मागून म्हणाला, "ताई, आजोबा चांगले फोटो काढतात का?"

"का रे?"

"घरी माझं लग्नाचं बघतायत. बायोडेटाला फोटो पाहिजे. मोबाईलचा चांगला नाय येत." आणि मग घाईघाईने, "पण इथं नको हां. इथं मनाई आहे."

मी घरी येऊन बाबांना हे जसंच्या तसं सांगितलं. आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याला म्हणावं, साधा शर्ट घालून ये. चौकडीचा नको, फोटोत डोळ्यांवर येतो."

त्याच्या सुट्टीच्या दिवशी ज्वेल ऑफ नवी मुंबईत, तलावाच्या कडेला, सकाळच्या उन्हात बाबांनी त्याचे अकरा फोटो काढले. हनुवटी खाली, खांदे सैल, हसू नकोस पण हसल्यासारखा दिस, असं सगळं चालू होतं. एक फोटो मात्र त्याने हट्टाने त्या मोठ्या निळ्या गणवेशात काढून घेतला, पिशवीत आणला होता. आईला पाठवायचाय म्हणाला.

आता त्या कार्डावर आईच्या फोटोंच्या पुढे हे बारा फोटो आहेत.

दादा, तुझा फोटो अजून राहिलाय. बाबा म्हणतात, चोरून काढायचा नाही, मोबाईलनेही नाही. म्हणून मी गेल्या आठवड्यात माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. तीनच प्रश्न विचारलेत: या आवारात फोटो काढायला मनाई करणारा आदेश आहे का, असल्यास तो कुणी आणि कोणत्या तारखेला काढला, आणि तो आवारात मराठीत कुठे लावला आहे. उत्तर आलं की इथे लिहीनच.

तोपर्यंत एवढंच करा. रस्त्यात, स्टेशनवर, तलावाकाठी कुणाला असं अडवलेलं दिसलं तर नुसतं बघत पुढे जाऊ नका. भांडूही नका. शेजारी जाऊन उभे राहा आणि शांतपणे विचारा, बोर्ड कुठे आहे? त्या दिवशी आमच्या शेजारी एक जण जरी असा उभा राहिला असता ना, तरी बाबांनी तो फोटो डिलीट केला नसता.